‘एवढंही माहीत नाही?’ : नवख्याच्या प्रश्नावर आपण हसतो तेव्हा

लोकलमध्ये मध्येच रेंज जाते म्हणून आपल्यातले बरेच जण भाग ऐकण्याऐवजी वाचतात, हे मला माहितीये. त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला भाग. मधले ‘अं’, ‘म्हणजे काय आहे ना’ आणि चहाचे घोट काढून टाकलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज मी कुठलं ॲप किंवा गॅजेट समजावून सांगणार नाहीये. आज मला माझ्याच एका मेसेजबद्दल बोलायचंय. सात शब्दांचा मेसेज होता.

तुम्हाला माहितीये, मला आकाश बघायचा नाद आहे. दिवसा कोड, रात्री तारे. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, अडीचशेच्या आसपास लोक असतील. कोण टेलिस्कोपवाले, कोण नुसते फोटोवाले, कोण फक्त ‘वा वा’ म्हणणारे. मागच्या डिसेंबरात रात्री अकराच्या सुमारास एका नव्या नंबरवरून मेसेज आला. नाव नाही, डीपी नाही. प्रश्न असा होता: ‘दादा, ६० एमएमच्या टेलिस्कोपमधून चंद्रावरचा झेंडा दिसेल का? घ्यायचा विचार आहे.’

झालं. पहिला हसण्याचा इमोजी आला, मग दुसरा, मग रांगच लागली. एकाने लिहिलं, ‘झेंडा कशाला, चंद्रावरची म्हातारी पण दिसेल.’ दुसऱ्याने स्टिकर टाकला. आणि मी? मी लिहिलं, ‘आधी गूगल करायला शिक, मग टेलिस्कोप घे.’

नऊ जणांनी माझ्या मेसेजवर हसून दाखवलं. खरं सांगतो, बरं वाटलं. दहा मिनिटांनी कळलं की तो नंबर ग्रुपमधून बाहेर पडला. त्यावरही एक विनोद झाला आणि आम्ही झोपलो.

दोन दिवसांनी ऑफिसच्या बसमध्ये बसलो होतो, तेव्हा सहज मनात आलं की या प्रश्नाचं उत्तर नेमकं काय आहे? ‘नाही दिसणार’ हे मला माहीत होतं. पण का नाही? आणि किती मोठा टेलिस्कोप घेतला तर दिसेल? मला सांगता येईना. बीटेक झालोय, चार वर्षं टेलिस्कोप वापरतोय, आणि ज्या प्रश्नावर मी एका पोराला हसलो त्याचं उत्तर मला येत नव्हतं. संध्याकाळी वही घेऊन बसलो. तर आधी ते उत्तरच ऐका.

त्या ‘वेड्या’ प्रश्नाचं उत्तर

टेलिस्कोपवर ६० एमएम लिहिलेलं असतं, ती त्याच्या पुढच्या भिंगाची रुंदी. भिंग किंवा आरसा जितका रुंद, तितके बारीक तपशील वेगळे करून दिसतात. ६० एमएमचं भिंग चंद्रावरची साधारण साडेतीन किलोमीटरची गोष्ट जेमतेम वेगळी दाखवतं. त्याहून लहान काही असलं तर ते आजूबाजूच्या उजेडात मिसळून जातं. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर लांब आहे, हे लक्षात घेतलं तर साडेतीन किलोमीटर ही काही वाईट कामगिरी नाही!

आता झेंडा. अपोलोच्या अंतराळवीरांनी लावलेले झेंडे साधारण दीड मीटर रुंद होते. साडेतीन किलोमीटर म्हणजे ३५०० मीटर. भागिले दीड. उत्तर येतं २३०० च्या आसपास. म्हणजे आपलं भिंग इतक्या पटीने मोठं पाहिजे. ६० एमएम गुणिले २३००, म्हणजे जवळजवळ १४० मीटर. आख्ख्या क्रिकेटच्या मैदानाएवढा आरसा! आणि तेवढ्यातही झेंडा नुसता एक ठिपका दिसणार, त्यावरच्या पट्ट्या वगैरे विसरा. शिवाय मध्ये आपली हवा आहे. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर जसं चित्र थरथरतं, तशी ती रात्रीही थोडी थरथरतच असते.

हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे. ती अवकाशात आहे, हवेचा त्रास नाही. पण तोच हिशेब लावला तर तिलाही चंद्रावरची नव्वद मीटरच्या आसपासची गोष्टच वेगळी दिसते. म्हणजे हबललाही झेंडा दिसत नाही. मग झेंडे अजून तिथे आहेत हे कसं कळलं? लांबून मोठ्या डोळ्याने बघण्यापेक्षा जवळ जाऊन बघितलं. नासाचं लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान २००९ पासून चंद्राभोवती फिरतंय. त्याच्या फोटोंमध्ये काही अपोलो जागांवर झेंड्यांच्या सावल्या दिसतात, हे २०१२ मध्ये जाहीर झालं. आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरवरचा कॅमेरा तर चंद्रावरची पाव मीटरच्या आसपासची वस्तू टिपू शकतो.

बघा, एका ‘वेड्या’ प्रश्नातून किती गोष्टी निघाल्या. भिंगाची रुंदी, हवा, हबल, चांद्रयान. मी ग्रुपमध्ये चार वर्षांत टाकलेल्या सगळ्या फोटोंपेक्षा हा प्रश्न चांगला होता. आणि आम्ही त्याला हाकलला.

माझा माळ्यावरचा टेलिस्कोप

आता यातला सगळ्यात लाज आणणारा भाग. असा हाकलला जाणं काय असतं, हे मला माहीत होतं.

पहिल्या नोकरीचा पहिला बोनस आला तेव्हा मी ऑनलाइन एक टेलिस्कोप घेतला. खोक्यावर शनीचा रंगीत फोटो आणि मोठ्या अक्षरात ‘५२५ पट’. मला वाटलं, ५२५ पट म्हणजे आता काय, शनीच्या कड्यांवरची धूळ मोजू. रात्री गच्चीवर लावला. राखाडी धुकं दिसलं. आठवडाभर रोज राखाडी धुकं. एका मोठ्या ग्रुपवर विचारलं. तो आत्ताचा नाही, दुसरा होता. उत्तर आलं, ‘खेळणं घेतलंयस. फेकून दे.’ दुसरं उत्तर, ‘घ्यायच्या आधी विचारायचं असतं.’ तिसरा म्हणाला, ‘वर पिन केलेलं वाचलंस का?’ पिन केलेली पीडीएफ ४२ पानांची होती, आणि त्यातलं दर तिसरं वाक्य मला कळत नव्हतं.

टेलिस्कोप माळ्यावर गेला. आठ महिने तिथेच. आई दर सणाला साफसफाई करताना म्हणायची, ‘अरे ती नळी कुणाला तरी देऊन टाक.’

मग एक मित्र मला पुण्याबाहेर आकाशदर्शनाच्या एका कार्यक्रमाला ओढून घेऊन गेला. तिथे एक रिटायर्ड काका होते. एसटीत नोकरी केलेले, डोक्यावर माकडटोपी. मी घाबरत घाबरत सांगितलं की माझ्याकडे ‘५२५ पट’ आहे. मला वाटलं आता हसणार. ते म्हणाले, ‘अरे वा, भिंग केवढं आहे? ६०? छान. आयपीस कुठले दिलेत?’

तीन मिनिटांत त्यांनी सगळं सांगितलं. नळीची फोकल लेंग्थ ७००. त्याला आयपीसच्या आकड्याने भागायचं. २० चा लावला तर ३५ पट. ४ चा लावला तर १७५ पट. त्यावर ३ पट करणारं बार्लो भिंग लावलं की झाले ५२५. हिशेब बरोबर आहे, पण ६० एमएमच्या भिंगात येणारा उजेड आणि तपशील तेवढाच राहतो. साधारण नियम असा की भिंगाच्या दर मिलिमीटरला दोन पट, म्हणजे ६० ला १२० पटच्या पुढे नुसतं धुकं मोठं होतं. फोनवरचा फोटो झूम करत गेलं की एका मर्यादेनंतर नुसते चौकोन दिसतात ना, तसंच हे. ‘तू रोज सगळ्यात मोठा आकडा लावत होतास, म्हणून दिसलं नाही. २० चा लाव. आणि ती वरची छोटी दुर्बीण आहे ना, ती आधी दिवसा लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवून घे. सूर्याकडे मात्र चुकूनही नळी वळवायची नाही, डोळा जाईल.’

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून नळी काढली. टॉवरवर जुळवली. रात्री २० चा आयपीस लावला आणि शनी दिसला. लहानसा, पिवळट, बाजूला कान असल्यासारखा. मी आईला ओरडून गच्चीवर बोलावलं. आई बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, ‘हा खरा आहे?’

टेलिस्कोप तोच, खोकं तेच. फरक तीन मिनिटांचा होता. आणि चार वर्षांनी मी त्या ‘फेकून दे’वाल्यांच्या रांगेत जाऊन बसलो. असं का होतं, हे शोधायला मी बरंच वाचलं. मला चार कारणं पटली.

पहिलं कारण : आपल्याला आपलं न कळणं आठवत नाही

एक खेळ करून बघा. मनात कुठलंही ओळखीचं गाणं म्हणा आणि टेबलावर बोटाने त्याचा ठेका वाजवा. समोरच्याला विचारा, गाणं कोणतं? तुम्हाला वाटेल, एवढं सोपं आहे, ओळखेलच. समोरच्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते.

एलिझाबेथ न्यूटन नावाच्या संशोधक विद्यार्थिनीने १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच प्रयोग केला. १२० गाणी वाजवली गेली. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात ओळखली गेली फक्त ३. कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, आणि तो ते बंद करू शकत नाही. कॅमेरर, लोवेनस्टाइन आणि वेबर या तिघा अर्थतज्ज्ञांनी १९८९ च्या एका लेखात या गोष्टीला ‘ज्ञानाचा शाप’ म्हटलं होतं. एकदा एखादी गोष्ट कळली की ती न कळणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवणं फार अवघड जातं.

‘आयपीस’, ‘बार्लो’, ‘फोकल लेंग्थ’. आमच्या डोक्यात गाणं वाजतंय, नव्याला टकटक ऐकू येतेय. आणि आम्ही म्हणतो, एवढंही कळत नाही?

दुसरं कारण : ‘गूगल कर’ म्हणणं सोपं आहे

माझ्या त्या सात शब्दांकडे परत येऊ. गूगल करायला शिक. पण गूगल करायला आधी शब्द लागतो. ‘रिझॉल्व्हिंग पॉवर’ हा शब्द माहीत असेल तर उत्तर दहा सेकंदांत मिळतं. ज्याला तो शब्द माहीत नाही, त्याने काय टाइप करायचं? तो ‘टेलिस्कोपमधून झेंडा दिसेल का’ असंच टाइप करणार, आणि त्याला समोर दिसणार झेंडा खोटा होता म्हणणारे व्हिडिओ आणि ‘५२५ पट’च्या जाहिराती. आम्ही त्याला नेमकं तिकडे ढकललं.

त्यात भाषेचा भाग वेगळाच. चांगली माहिती बहुतेक इंग्रजीत. मराठीत विचारायला जागा म्हणजे असे ग्रुप. तिथून हाकललं तर पुढचं दार कुठलं?

जुन्या माणसाचा खरा उपयोग तिथेच आहे. उत्तर तर मशीनही देईल. पण ‘तू जे विचारतोयस त्याला अमुक म्हणतात’ हा एक शब्द हातात दिला की पुढचं तो स्वतः शोधतो.

तिसरं कारण : थकवा, आणि तो खरा असतो

आता जुन्या लोकांचीही बाजू सांगतो, नाहीतर अन्याय होईल. ‘कोणता टेलिस्कोप घेऊ?’ हा प्रश्न आमच्या ग्रुपवर आठवड्यातून दोनदा येतो. उत्तर देणारे चार-पाचच लोक. कुणी पगार देत नाही. ऑफिसहून दमून आलेला माणूस शंभराव्यांदा तेच लिहितो आणि विचारणारा ‘ओके’सुद्धा म्हणत नाही. मग चिडचिड होणारच.

ही गोष्ट नवीनही नाही. व्हॉट्सॲप, फेसबुक काही नव्हतं तेव्हा यूजनेट नावाचं जाळं होतं, मुख्यतः विद्यापीठांतल्या लोकांचं. दर सप्टेंबरला कॉलेजात नवी मुलं यायची, वेडेवाकडे प्रश्न विचारायची, आणि महिन्याभरात तिथल्या पद्धती शिकून जुनी व्हायची. १९९३-९४ च्या सुमारास इंटरनेट कंपन्यांनी सर्वसामान्य ग्राहकांनाही यूजनेट उघडून दिलं. नवे लोक रोजच यायला लागले. जुने लोक वैतागून म्हणायला लागले की हा सप्टेंबर आता संपतच नाही. ‘कधीच न संपलेला सप्टेंबर’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला.

म्हणजे बघा, तीस वर्षांपूर्वीचे लोक नव्यांना वैतागत होते. आणि त्या नव्यांतलेच किती जण आज जुने होऊन दुसऱ्यांवर वैतागत असतील!

पण थकवा आला तर गप्प राहता येतं. मी त्या रात्री थकलो नव्हतो. गादीवर पडून रील्स बघत होतो.

चौथं कारण : आम्हीही सोसलंय

हॉस्टेलला राहिलेल्यांना हे लगेच कळेल. रॅगिंग कोण करतं? गेल्या वर्षी ज्याचं झालं तो. ‘आमच्या वेळी तर याहून जास्त होतं’ हे वाक्य प्रत्येक सेकंड इयरवाल्याच्या तोंडात असतं. अपमान हा जणू प्रवेश फी आहे. मी भरली, तर तूही भर.

छंदाच्या जगात हे आणखी वाढतं, कारण इथे डिग्री नाही, पद नाही, पगारवाढ नाही. आपण ‘जुने’ आहोत हे दाखवायचं कसं? सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे कुणीतरी ‘नवा’ आहे हे चारचौघांत दाखवून देणं. माझ्या मेसेजचं उत्तर त्या मुलाला नव्हतंच. ते त्या नऊ हसणाऱ्यांसाठी होतं.

आणि हा अपमान सगळ्यांना सारखा मिळतो असंही नाही. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीने टेलिस्कोपच्या स्टँडबद्दल विचारलं तर पहिला प्रतिप्रश्न आला, ‘भावासाठी घेतेयस का?’ तिने उत्तर दिलं नाही. पुढे कधी काही विचारलंही नाही.

मग काय करायचं?

आमच्या सॉफ्टवेअरच्या जगात या रोगाचा चांगला अनुभव आहे. ‘आधी मॅन्युअल वाच’ हे आमच्याकडे शिवी घालून म्हणतात, त्याचा शॉर्टफॉर्मसुद्धा जगप्रसिद्ध आहे. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ मध्ये सुरू झालं. आपल्यातल्या प्रत्येक इंजिनिअरची निम्मी नोकरी त्यावर चाललीये. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केलं की इथे नव्यांना परकं वाटतं आणि हे बदलायला हवं. त्याच वर्षी नव्या माणसाच्या प्रश्नावर ‘हा इथे नवीन आहे, जरा सांभाळून घ्या’ अशा अर्थाची खूण दिसायला लागली.

मला सगळ्यात आवडलेला नियम मात्र न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरचा आहे. तिथे प्रोग्रामर लोक काही आठवडे एकत्र येऊन शिकतात. त्यांच्या मोजक्या सामाजिक नियमांपैकी एक असा: खोटं आश्चर्य दाखवायचं नाही. म्हणजे कुणी ‘मला हे माहीत नाही’ म्हणालं की ‘काय! तुला हे माहीत नाही?’ असं म्हणायचं नाही. बस. त्या आश्चर्याने समोरच्याला काहीच शिकायला मिळत नाही, फक्त बोलणारा मोठा वाटतो. ‘एवढंही’ हा शब्द महिनाभर टाइप करायचा नाही असं ठरवून बघा. मी ठरवलंय. किती वेळा बोट तिकडे जातं ते बघून मलाच लाज वाटली.

उत्तर देताना मी आता तीन ओळींचा हिशेब ठेवतो. पहिल्या ओळीत सरळ उत्तर. दुसऱ्या ओळीत तो शोधायचा शब्द. तिसऱ्या ओळीत पुढचं एक पाऊल. ‘नाही, झेंडा नाही दिसणार, त्याला फार मोठा आरसा लागतो. याला रिझॉल्व्हिंग पॉवर म्हणतात. पण ६० एमएममध्ये चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र आणि शनीचं कडं दिसेल, २० च्या आयपीसपासून सुरुवात कर.’ झालं. अर्धं मिनिट लागतं. अर्धं मिनिट नसेल तर फोन बाजूला ठेवायचा.

विचारणाऱ्यांसाठीही सांगतो, कारण यात थोडी जबाबदारी तुमचीही आहे. ‘दिसत नाही, हेल्प’ एवढंच लिहिलं तर चांगला माणूसही काही करू शकत नाही. तुमच्याकडे काय आहे, तुम्ही काय केलं, काय दिसेल असं वाटलं होतं आणि काय दिसलं, हे चार वाक्यांत लिहा. शक्य असेल तर फोटो टाका. आणि जमलं की परत येऊन ‘जमलं’ असं नक्की लिहा. त्या एका शब्दावर उत्तर देणारा माणूस पुढचे सहा महिने उत्तरं देतो. आणि कुणी टोमणा मारलाच, तर तो तुमच्या बुद्धीचा रिझल्ट नाही. दुसरीकडे विचारा. जमलं तर प्रत्यक्ष जाऊन विचारा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवतेय. समोरासमोर लोक फार कमी हसतात, हा माझा अनुभव आहे.

आणि तिसरे, म्हणजे गप्प वाचणारे. त्या रात्री अडीचशे जण होते. हसले वीस-पंचवीस. बाकीच्यांपैकी एकाने जरी लिहिलं असतं की ‘प्रश्न चांगला आहे, सकाळी सांगतो’, तर तो थांबला असता असं मला वाटतं. टोमणे मारणाऱ्याशी भांडायची गरज नसते. त्याच्या खाली एक सरळ उत्तर टाकलं की पुरतं.

फुटपाथवरचा माणूस

जाता जाता एका माणसाबद्दल सांगतो. जॉन डॉब्सन. जन्म १९१५. रामकृष्ण परंपरेतल्या वेदान्त मठात ते दोन दशकांहून जास्त काळ संन्यासी होते. तिथे राहून टाकाऊ वस्तूंतून टेलिस्कोप बनवायचे. जुन्या जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचे, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरायचे. या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मग १९६८ मध्ये त्यांनी काही तरुणांबरोबर ‘साइडवॉक अ‍ॅस्ट्रोनॉमर्स’ सुरू केलं. म्हणजे काय, तर टेलिस्कोप फुटपाथवर लावायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून चंद्र दाखवायचा, शनी दाखवायचा. कुणीही या, काहीही विचारा. त्यांच्या साध्या लाकडी स्टँडच्या रचनेला आज जगभर ‘डॉब्सोनियन’ म्हणतात. पेटंट त्यांनी घेतलं नाही. २०१४ मध्ये ते गेले. आमच्या ग्रुपवर अर्ध्या लोकांकडे डॉब्सोनियन आहे. त्या रात्री हसणाऱ्यांपैकीही काही जणांकडे असणार.

त्या नंबरचं पुढे काय झालं

वहीतला हिशेब झाल्यावर मी त्या नंबरला मेसेज केला. माफी मागितली आणि झेंड्याचं उत्तर सविस्तर लिहून पाठवलं, क्रिकेटच्या मैदानासकट. चार दिवस काहीच नाही. मग उत्तर आलं: ‘ठीक आहे दादा. टेलिस्कोप तेव्हाच कॅन्सल केला.’

मी विचारलं, कुठे राहतोस? मराठवाड्यातलं एक छोटं गाव. अकरावीत आहे. मी विचारलं, रात्री गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसतो का? म्हणाला, ‘हो, रोजच दिसतो. का?’

मंडळी, तो पट्टा बघायला आम्ही पुण्याहून गाडी काढून शंभर किलोमीटर जातो. त्यालाही ढग नसले तरच. ज्याच्या डोक्यावर रोज ते आकाश आहे, त्याला आम्ही दहा मिनिटांत बाहेर काढला.

मी त्याला लिहिलं की टेलिस्कोप नसला तरी चालतं. कृत्तिका शोध, त्यात नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता येतात ते सांग. मेसेजला ब्लू टिक आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मी परत विचारलेलं नाही, त्याच्या मागे लागायचा हक्क मी गमावलाय असं वाटतं.

ग्रुपवर मात्र आम्ही एक केलंय. ॲडमिनशी बोलून रविवारची रात्र नव्यांच्या प्रश्नांसाठी ठेवली. तीन जण पाळीपाळीने उत्तरं देतात, म्हणजे एकट्यावर भार येत नाही. त्या दिवशी इमोजीला बंदी. पहिल्याच रविवारी अकरा प्रश्न आले. त्यातले चार असे होते की आम्हा तिघांपैकी कुणालाच उत्तर येत नव्हतं. आम्ही तसं सरळ लिहिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून शोधलं.

तुमचा छंद वेगळा असेल. कुणाचा फिशटँक असेल, कुणाचा किल्ल्यांचा ट्रेक, कुणाची गिटार. तिथेही आज रात्री कुणीतरी नवा माणूस ‘दादा, एक विचारू का?’ असं टाइप करून पाठवू की नको म्हणून थांबला असेल. तुम्ही त्याला काय लिहिता ते मला कळवा. आणि तुम्हाला कधी असं हाकललं गेलं असेल, तर तुमचा तो अनुत्तरित राहिलेला प्रश्नही पाठवा. पुढच्या भागात आपण त्यातले जमतील तेवढे सोडवू.

चला, भेटूया पुढच्या शनिवारी. काळजी घ्या, आणि ढग नसतील तर आज एकदा वर बघा.